लाव्यांच्या पायाखालची फांदी

पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे स्मरण करून मी, एत्येन वोक्लँ, वय एक्कावन्न, राहणार शांतियी, चिनी मातीच्या भांड्यांवरचा चितारी, लिहून ठेवतो की छाती पोखरली असली तरी माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर माझेच, वकिलाच्या शुद्धलेखनावर माझा भरवसा नाही.

१. दोन खोल्यांचे घर व परसातले नाशपातीचे झाड मुलगी ऑनोरिन हिला. पलंग बहीण क्लोतिल्द हिला. माझ्या दुखण्यात तिने त्याच्याशेजारी खुर्चीत बसून सबंध हिवाळा काढला. ते उपकार पलंगाने फिटत नाहीत, हे मी जाणतो.

२. रविवारचा कोट भट्टीवाला मातुरँ याला. आमची माती मऊ. आच जरा चढली की भांडे बसते. एकवीस वर्षांत त्याच्या आळसापायी माझे एकही चित्र जळाले नाही. शिवाय त्याने एक गोष्ट पोटात ठेवली, ती अशी.

३. मला कोणी शिकवले नाही. कारखान्यात नमुन्याला आलेला जपानी वाडगा समोर ठेवून मी शिकलो. त्यावर दोन लावे पक्षी रंगवलेले आहेत. त्यांच्या पायाखाली दिसली म्हणून मी ताटावर एक निष्पर्ण फांदीही रंगवली. पहिले ताट भट्टीतून काढताना मातुरँ कानाशी म्हणाला, "मास्तर, ती फांदी नव्हे हो, वाडग्याला तडा गेलाय. चहा मुरलाय त्यात."

मी म्हणालो, "तू आपली लाकडं बघ."

तेव्हापासून सगळे चितारी माझे ताट पाहून ती फांदी रंगवतात.

४. गेल्या ईस्टरनंतर, कारखान्यात माझ्याबरोबर रंगवणाऱ्या ऑनोरिनने थेट वाडगा पाहून लावे काढले, फांदी गाळून. थोरला चितारी गोशे सर्वांदेखत ओरडला, "बापाचा नमुना बिघडवतेस? ऊठ, घरी जाऊन सूप ढवळ!" तिने माझ्याकडे पाहिले. मी ब्रश धूत राहिलो. तिची जागा गेली.

संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, "बाबा, सूप गरम आहे, घ्या." त्या सुपाचा मी जन्माचा ऋणी आहे.

५. चूक माझी, नजर तिची. माझे ब्रश व लाल रंगाची कृती तिला. माझे बाकही तिलाच मिळावे. ते देण्याचा हक्क मला नाही, म्हणून व्यवस्थापकांना हात जोडून विनंती. गोशेला माझा चष्मा. त्याने वाडगा एकदा नीट पाहावा.

६. कलम तीन व चार यांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये. ती सोमवारी सकाळी कारखान्यात, सगळे बाकांवर बसल्यावर, मी स्वतः वाचीन. खोकला आला तर कोणी उठू नये. मी पुढे वाचीन.

सही: एत्येन वोक्लँ

साक्षीदार: मातुरँ ब्रिदू, भट्टीवाला (सहीऐवजी फुली), फादर आँसेल्म, धर्मगुरू

शांतियी, शनिवार, १३ नोव्हेंबर १७५१