शालूचे हात

गुरुवार, उमरग्याहून आल्यावर

शेवटी कॅमकॉर्डरच घेतला. धाकटी बहीण शालू पुढच्या महिन्यात सासरी जाईल, तिची आठवण घरात राहावी म्हणून मी फोटोचा डिजिटल कॅमेराच मनात धरला होता. तिला ऐकू येत न्हाय, बोलता येत न्हाय, मग व्हिडिओ कशाला? असं वाटलंच कसं मला? दुकानदार कॅमकॉर्डर दाखवत म्हणला, "आवाज लई साफ येतो." मी ओशाळलो. सोबत आलेल्या शालूनं तो माझ्या हातात दिला, समोर उभी राहिली आणि हातांनी भराभरा बोलत सुटली. मग छोट्या पडद्यावर स्वतःचेच हात बघत राहिली. लहानपणापासून ते हात वाचतोय मी, अन् मलाच सुचू नये? लई पुढची निघाली पोरगी. खुणेनं म्हणली, "दादा, फोटोत मी मुकी दिसते."