जालमसिंगची वही

ता. ९ ऑक्टोबर १९३६, शुक्रवार

शी! शी! दुखवट्याची सभा म्हणे! आमच्या शाळेतला जालमसिंग मास्तर जाऊन आठ दिवस झाले नाहीत — हिवतापानं, एकतिसाव्या वर्षी — आणि आमच्या हेडमास्तर रूपचंदरावांचे हुंदके काय, उपरण्यानं डोळे पुसणं काय! ‘माझा पाठचा भाऊ गेला!’ अहो, सहा वर्षं या भावाचा पाण्याचा पेला वेगळा होता की! पावरा ना तो, डोंगरातल्या जमातीतला. तो पेला खिडकीत पालथा असायचा. आजही तिथंच आहे, मी पाहून आलो.

भाषण संपतंय तोच चिवडा आला. सगळ्यांनी हाणला. मीही खाल्ला, थोडा. शिपाई सुकलाल तेवढा दाराशी बसून म्हणाला, ‘असा मानूस परत व्हवाव नही, मास्तर.’ त्याला कोणी बोलायला उभं केलं नाही.

ता. ११, रविवार

आता कळलं हुंदके कशाचे! वहीवर डोळा आहे. पावरी पोरांसाठी जालमसिंगनं चार वर्षं खपून अंकलिपी केली — एकीकडे पावरी शब्द, समोर मराठी. ‘ग गलबताचा! भिला, तू तरी पाहिलंस का रे गलबत?’ असं मला म्हणायचा आणि पोट धरून हसायचा. त्याचा ग गवताचा. त्याच्या वर्गात मागे बसून मी मास्तरकी शिकलो. नाहीतर छडीशिवाय काय येत होतं मला!

हेडमास्तर म्हणतात, ‘वही शाळानी मालमत्ता शे. मन्हा नाववर दिपोटीसाहेबकडे धाडी देसू.’ स्वतःच्या नावावर, तेही शाळा तपासणाऱ्या साहेबाकडे! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले!

तडक जालमसिंगच्या बायकोकडे, रूपलीवहिनीकडे गेलो. बियाण्याच्या गाडग्यातून तिनं वही काढून दिली. ‘त्याचं नाव राहील ना?’ एवढंच विचारलं. म्हटलं, वहिनी, गळ्याची शपथ.

ता. ४ नोव्हेंबर, बुधवार

तळोद्याला जाऊन दिपोटीसाहेबांपुढे वही ठेवली. साहेब खूष. मग म्हणतात, ‘मेलेल्या मास्तरच्या नावानं मंजुरी कशी मिळणार? हयात माणूस पाहिजे. तुमचं नाव घाला. प्रस्तावनेत त्याचा उल्लेख करा की.’ महिनाभर हेडमास्तरांना शिव्या घालतोय, आणि आता मीच —! नाही म्हणून उठलो.

ता. ५

नाव घातलं. पोरांच्या हाती पुस्तक तर पडेल! प्रस्तावना मात्र दोन पानं लिहिली, सगळी जालमसिंगवर.

ता. २५ एप्रिल १९३७

पुस्तक छापून आलं. पानं वाढतात म्हणून प्रस्तावना गाळलीय. हेडमास्तरांनी पेढे वाटले, ‘भिला मास्तर, नाव काढलंस!’ थू! पेढा गिळला. दिपोटीसाहेबांना पत्र लिहायला बसलो. लिहिलं नाही.

ता. २ मे, रविवार

वहिनीला प्रत नेऊन दिली. तिनं कोकिळेला, पोरीला, हाक मारली. म्हणाली, ‘हिला बाचं नाव दाखवा.’

मी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. दोघींनी त्यावर डोकं टेकलं. तिथं एकच नाव आहे. माझं.

जूनमध्ये कोकिळा पहिलीत येतेय. तिला वाचायला मीच शिकवायचंय.