टर्बाइन थांबवल्यावर

बाबा,

परवा नोटरीकडे जाऊन एक कागद करून आलो. मी बरा होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलताही येत नसलं, तर मला मशीनवर जगवत ठेवू नका, असा. सही करताना सारखे तुम्हीच डोळ्यांपुढे येत होते.

या कागदावरून घरात महिनाभर वाद झाला. तुमची सून म्हणाली, "धडधाकट माणूस, काय अभद्र लिहून राहिले?" मेहुण्यानं तर पोह्यांची बशी बाजूला सारली. "भाऊजी, आज नळी काढू देऊन राहिले, उद्या सुई देऊ देतीन. मंग म्हाताऱ्यायले लोक भंगारात काढतीन, पाहा तुम्ही!" त्याची भीती खोटी नाही. सुई देऊन मरण द्यायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि ती असावी का, यावर माझं मत अजून ठरत नाही. भंगार कुठलं आणि दुरुस्त होणारं कुठलं, हे ओळखण्यात माझा जन्म गेला. पण दुसऱ्या माणसाबद्दल तो निवाडा करायला मी धजणार नाही. स्वतःपुरता केला, इतकंच. खरं अडलं ते पोरीपाशी. माझ्या वतीनं डॉक्टरांशी बोलायला तिचं नाव लिहायचं होतं. "माझं नाव नका टाकू," ती म्हणाली, "तुम्हाले सोडून देणं मले नाही जमणार."

मग तिला कोराडीच्या वीज केंद्रातला तो दिवस सांगितला. मी ठेकेदाराकडे नवाच लागलोय. आतला बिघाड ऐकून ओळखायला तुम्ही बेअरिंगला सळई टेकवता, दुसरं टोक माझ्या कानाशी धरता. त्याच कानांवर पुढे मी कन्हानला मोटार दुरुस्तीचं दुकान उभं केलं. त्या दिवशी टर्बाइनचं युनिट बंद करायचं होतं. गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही दोन्ही मनगटांची फुली करून दाखवली: बंद करा. वाफ तोडली, आवाज बसत गेला, मी डबा उचलला. तुम्ही म्हणाले, "काहून निघाला गा? बंद केली म्हंजे सोडली काय?" गरम टर्बाइन तशीच थांबवली तर तिचा दांडा वाकतो. वाफ तोडल्यावरही तिला हळूहळू फिरवत ठेवायचं, पार गार होईस्तोवर. तोवर जागा सोडायची नाही. तुम्ही डबा तिथंच खाल्ला.

पोरीनं विचारलं, "म्हंजे मी फक्त बसायचं?"

"बसायचं. मला दुखू द्यायचं नाही, ओठ ओले ठेवायचे, बोलत राहायचं."

"आणि तुम्ही मधे बोलणार नाही? मंग जमते," ती म्हणाली आणि हसता हसता रडली. कागदावर आता तिचं नाव आहे. ती हो म्हणाली त्या दिवसापासून मला हलकं वाटतंय, झोपही बरी लागते.

फुलीची खूणही मी तिला शिकवली. पण तुम्ही ती शेवटची कधी केली, हे सांगितलं नाही. तुमच्या घशात नळी होती, हात कसेबसे उचलले, मनगटावर मनगट ठेवलं. नर्सनं विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हणालो, "पाणी मागत असतील." त्यानंतर नऊ दिवस तुम्ही तसेच होते.

मला कळलं होतं, बाबा. रविवारी पोरगी जेवायला येणार आहे. तेव्हा तिलाही सांगतो.