टँकमधला उजेड

विश्रांतवाडी, पुणे
ऑगस्ट २००३

प्रिय चैताली,

जय भीम. फोन सोडून आईने पत्र का लिहिलं, म्हणून घाबरून जाऊ नकोस. तुझा फोन आला की बाबा शेजारीच खुर्ची ओढून बसतात आणि मला धड बोलू देत नाहीत.

तू अमेरिकेला जाताना ठेवून गेलेला फिशटँक अजून हॉलमध्येच आहे. सकाळी गॅलरीतलं ऊन पाण्यावरून आत उतरतं आणि तळाच्या वाळूवर उजेडाची जाळी हलत राहते. ती बघताना बाबांचा चहा रोज गार व्हायचा. गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांनी माझं डोकं खाल्लं. म्हणे पाणी गढूळ झालंय, उजेड तळापर्यंत पोचतच नाही. मलाही वाटलं, खडकवासल्याचंच पाणी तसं येत असेल. बाबा दर दोन दिवसांनी पाणी बदलायला लागले, काच घासून घासून तिच्यावर ओरखडे पाडले. दिवा मंद दिलास म्हणून दुकानदाराशी भांडूनही आले. त्या धुण्याधुण्यात तुझे सोनेरी मासे मेले बिचारे.

एकदा म्हणाले, अगं, टँकच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय बघ, काय सुंदर! मी मेथी निवडत होते. म्हटलं, अहो, रिटायर होऊन कवी झालात की काय? दोघंही पोटभर हसलो गं. त्या हसण्याचं आता इतकं वाईट वाटतं की काही विचारू नकोस.

पाणी स्वच्छच होतं. दाराच्या चौकटीला धडकून बाबांनी कपाळ फोडून घेतलं, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. ते रंगीत कडं त्याचंच लक्षण होतं म्हणे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल तितकी टिकेल. बाजूचं काही दिसत नाही, फक्त समोरचं थोडंसं दिसतं, तेही रोज कमी होतंय.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. पोरीचं प्रोजेक्ट चालू आहे, उगाच धावत येईल म्हणतात. आणि काल तुझा फोटो खिडकीशी नेऊन मलाच विचारत होते, हिच्या गालावरचा तीळ कुठल्या बाजूला गं? शपथ गेली खड्ड्यात. डिसेंबरच्या सुट्टीची वाट बघू नकोस, साहेबाशी भांड, पण ये. अगदी समोर उभी राहिलीस, तर अजून दिसशील त्यांना.

तुझीच,
आई