एकोणतीस वेळा 'नाही तपासली'

वस्ताद,

सोमवारपासून मला गेटवर बसवलं आहे. ज्या कारखान्याच्या एक्केचाळीस विजेच्या मोटारी मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, त्याच कारखान्याच्या फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी सोयाबीनच्या ट्रकांचे नंबर वहीत उतरवतो. एकोणीस वर्षं इथेच काम केलेला इलेक्ट्रिशियन. नंबर लिहायला माझी हरकत नाही, अक्षर माझं चांगलं आहे. पण इथे का बसवलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचाही हात आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी आहे.

आम्ही तिघं इलेक्ट्रिशियन होतो. मागच्या सीझननंतर दोघांना घरी पाठवलं, त्यांचं काम माझ्यावर आलं आणि वर एक छापील तक्ता आला. रोज प्रत्येक मोटार तपासायची आणि तिच्यापुढच्या चौकटीत टिक करायची. आता मोटार तपासायची म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. करंट मोजायचा, बेअरिंगवर हात ठेवायचा, अर्थिंगचा नट पाहायचा, पंख्याच्या जाळीतला भुसा काढायचा. एका मोटारीला जाऊन-येऊन पंधरा मिनिटं. एक्केचाळीस मोटारींना सव्वादहा तास. पाळी आठ तासांची, आणि मधे काही बंद पडलं तर तेही मीच पाहायचं. पहिल्या दिवशी, बंद पडलेलं दुरुस्त करत करत, नीट बारा झाल्या. बारा टिका केल्या आणि उरलेल्या एकोणतीस चौकटींत बारीक अक्षरात लिहिलं, 'नाही तपासली'. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांपासून सुरुवात केली, पुन्हा बारा.

मॅनेजर बत्तीस वर्षांचा आहे, वाईट माणूस नाही, मला काका म्हणतो. त्यानं तक्ता पुढ्यात धरला. "काका, हे काय लिहिलंय?" म्हटलं, नाही तपासली म्हणून तसं लिहिलं. "अहो, पण फॉर्मॅटमध्ये 'नाही' असा पर्यायच नाहीये. फक्त टिक आहे." मी म्हणालो, "म्हनूनच हातानं लिहा लागलं, साहेब." तो हसला नाही. बॉयलरवाला मात्र जेवणाच्या सुट्टीत पोट धरून हसला. "अरे बाप्पा, टिक मारतानी हात मोडते काय तुया? मी तं सकाळी आठलेच दिवसभराच्या साऱ्या टिका मारून मोकया होतो."

"आन् बॉयलर?"

"तो चालू हाये ना. बंद पडला का समजतेच."

त्याला काय सांगणार? त्यानं कामरगावच्या स्टँडमागचं तुमचं दुकान पाहिलेलं नाही. मी तिथे बसलेला आहे, वीस-एकवीस वर्षांचा, बोटांना वार्निशचा वास. पेरण्या-ओलिताची घाई आहे आणि मेडशीच्या एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळून आली आहे. जुनी कॉइल कापायची, तिचे वेढे मोजायचे आणि तेवढेच नवे भरायचे, ही सगळ्या दुकानांची रीत. तुमची रीत निराळी. आधी आतल्या लोखंडाची लांबी-रुंदी मोजून वेढे किती हवेत ते स्वतः काढायचं, मग जुन्याशी ताडून पाहायचं. मी घाईत होतो. जुने बावन्न निघाले, बावन्न भरले आणि वहीत ठोकून दिलं, 'लोखंड मोजून पाहिलं'. तिसऱ्या दिवशी तीच मोटार परत आली, जळून काळी झालेली. माझ्याआधी कुणीतरी तिच्यात वेढे कमी भरले होते आणि मी त्याचीच चूक इमानदारीनं मोजून पुन्हा भरली होती.

शेतकऱ्याला तुम्ही चहाला पाठवलंत. तो गेल्यावर म्हणालात, "जयालेल्या कॉइलले इचारून राह्यला होता काय बे तू? थे खरं सांगनारी असती तं जयाली असती कायले?" मी मान खाली घातलेली. मग तुम्ही वही पुढे सरकवता. आवाज चढलेला नाही, म्हणून जास्त लागतो. "वेढे चुकले त्याचं काई नाही, पुन्हा भरू. पन 'मोजून पाहिलं' असं काहून लिहिलं? मोजलं नसन तं 'नाई मोजलं' असं लिहून ठेवत जाय. उद्या मी मोजीन, नाही तं दुसरा कोनी मोजीन. तू खोटं लिहून ठेवशीन तं कोनीच मोजनार नाही."

झालं, एवढंच. तुमच्याकडे नऊ वर्षं होतो, पण हेच वाक्य हाडात बसलं. आता तुम्हीच सांगा, टिक कशी मारू?

चार महिने मी तसंच लिहीत राहिलो आणि थकत गेलो. थकणं म्हणजे अंग दुखणं नव्हे, ते मला ठाऊक आहे. जेवताना कानात मोटारी चालायच्या, घरातली काही विचारायची आणि मी तिसऱ्यांदा 'हं?' म्हणायचो. तीच म्हणाली, "दुसरीकडं पाहा ना. तुमच्यासारखं काम कोनाले येते?" म्हणून अकोल्याला मुलाखतीला गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. समोर एक मुलगी, कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होती. आयटीआय कुठून? म्हटलं, नाही. मग ट्रेनिंग? कामरगावला, नऊ वर्षं. "इन्स्टिट्यूटचं नाव?" वस्ताद, तुमच्या दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या मला तुम्ही भंगारातून वायंडिंगचं इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते तीन पावसाळे वाचलं, हे भरायला त्या फॉर्मात जागा नव्हती. शेवटी तिनं विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी म्हणालो, "चौपन्नाव्या वर्षात." अजून फोन आलेला नाही.

मग ऑडिटची बातमी आली. मॅनेजरनं केबिनचं दार लावून घेतलं, चार महिन्यांचे तक्ते आणि तेवढेच कोरे कागद टेबलावर ठेवले. "काका, हे सगळे फ्रेश लिहून द्या. पूर्ण टिक. तुमचीच सही हवी. द्या आणि तुमच्या पॅनेल रूममध्येच राहा, मी स्वतः बोलतो वर." मी विचारलं, नाही दिले तर? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तर गेटवर माणूस लागतोच आहे."

शनिवारपर्यंतची मुदत होती. मी सगळे तक्ते स्वच्छ अक्षरात उतरवून काढले. जिथे टिक होती तिथे टिक, जिथे 'नाही तपासली' होतं तिथे 'नाही तपासली'. खाली सही, पूर्ण नावानिशी. नेऊन टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "साहेब, अक्षर सुधारलं. मजकूर तोच हाये. ऑडिटवाल्याले वाचता येईन." गेटवरच्या खुर्चीकडे मी स्वतःच्या पायांनी चालत आलो, कुणाला बोट दाखवावं लागलं नाही. बॉयलरवाला जाता-येता सलाम ठोकतो, थट्टेनं ठोकतो की खरा, ते त्याचं त्याला माहीत. मी इथून उठून राजीनामा देणार नाही. त्यांना लेखी काढावं लागेल आणि कारण लिहावं लागेल. काय लिहितात ते मला वाचायचंच आहे.

फक्त एक गोष्ट. तक्ते उतरवताना एका पानावर थांबलो. सोयाबीन वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या माथ्यावर जी मोटार आहे, अठ्ठावन्न पायऱ्या चढून जावं लागतं, तिच्यापुढे टिक होती. माझ्याच हातची. त्या दिवशी मी सलग दुसरी पाळी करत होतो, गुडघा वाकत नव्हता, मी खालूनच आवाज ऐकला होता. वर गेलोच नव्हतो. नवा कागद समोर होता, पेन हातात होतं, तिथे 'नाही तपासली' लिहिता आलं असतं. मी टिकच उतरवली.

तुमचा पत्ता असता, तर एवढा परिच्छेद गाळून मी हे पत्र टाकलं असतं.