शिडीवरून पडलेल्या फौजदारसाहेबांच्या खुनाबाबत

प्रति,
मा. प्रबंधक,
अपील शाखा, वरिष्ठ न्यायालय
(तुरुंग अधीक्षकांमार्फत)

विषय : फौजदारसाहेबांच्या खुनाबद्दल अर्जदारास झालेली फाशीची शिक्षा रद्द होणेबाबत.
संदर्भ : सत्र न्यायालयाचा निकाल.

महोदय,

अर्जदार हा सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल असून वयाने वृद्ध आहे. आपला वेळ घ्यावा इतके त्याचे म्हणणे मोलाचे आहे की नाही, याची त्याला स्वतःलाच खात्री नाही. तथापि फाशीची तारीख जवळ येत असल्याने तो धीर करीत आहे.

१. फौजदारसाहेब एक आक्षेपार्ह पुस्तक जप्त करण्यास वाचनालयात आले. ते पुस्तक त्यांच्याच ठाण्यातल्या हवालदारांनी वाचून सकाळी परत केल्यामुळे अर्जदाराच्या टेबलावरच होते. साहेबांनी मागितले असते, तर लगेच हातात दिले असते. पण मागून मिळालेल्या वस्तूला जप्ती म्हणत नसावेत. साहेब तडक उंच कपाटाच्या शिडीवर चढले. "साहेब, वरची पायरी मोडकी आहे, जपून," असे अर्जदार म्हणाला, मात्र वाचनालयात बोलतात तेवढ्याच आवाजात. साहेब ज्ञानकोशाच्या खंडांसकट खाली आले, ते पुन्हा उठले नाहीत.

२. सरकारी वकिलांचे म्हणणे असे पडले की, आरोपीने सावध केले, म्हणजे पायरी मोडकी असल्याचे त्यास ठाऊक होते. आणि हळू बोलला, म्हणजे साहेबांना ऐकू जाऊ नये हा त्याचा हेतू होता. शिडी दुरुस्त व्हावी म्हणून अर्जदाराने नगरपालिकेकडे वर्षानुवर्षे केलेले अर्ज हा कटाचा पुरावा ठरला. इतका जुना कट न्यायालयाने पूर्वी पाहिला नव्हता, असे निकालपत्रात काहीशा कौतुकाने नमूद आहे. पुरावा म्हणून मागणी येईपर्यंत नगरपालिकेस यांपैकी एकही अर्ज सापडला नव्हता.

३. प्रत्यक्षदर्शी म्हणून आलेले दोन्ही शिपाई त्या वेळी समोरच्या दुकानात चहा पीत होते. तरी अर्जदाराने साहेबांना ढकलले याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. अर्जदाराला त्या खात्रीचा हेवा वाटतो. त्याला स्वतःला "तू ओरडू शकला असतास का?" असे विचारताच तो विचारात पडला आणि "बहुधा शकलो असतो" म्हणाला. हा कबुलीजबाब मानण्यात आला. अखेरीस "मी निर्दोष आहे" असेही त्याने सांगितले. परंतु लघुलेखकांना ऐकू न गेल्याने "आरोपी गप्प राहिला" अशी नोंद झाली.

४. भेटीला आलेली अर्जदाराची पत्नी गजांपलीकडून म्हणाली, "अहो, जन्मभर घरातसुद्धा कुजबुजलात. लग्नाला होकार दिलात, तोही बाबांना पुन्हा विचारावा लागला. आता गळ्याशी आलंय, आता तरी ओरडा!"

५. त्यानुसार अर्जदाराने दुपारी कोठडीत सराव केला. "मी खून केलेला नाही!" हे इतक्या मोठ्याने निघाले की तो स्वतःच दचकला. त्यावर सबंध बराकीने "आम्हीपण नाही, आजोबा!" असा गजर केला, थाळ्या बडवल्या, आणि जेलरसाहेब धावत आले. तुरुंगाची शांतता भंग केल्याबद्दल अर्जदारास एकांतवासाची निराळी शिक्षा झाली.

तरी खुनाची शिक्षा रद्द करून अर्जदारास घरी जाऊ द्यावे, ही विनंती. एकांतवासाविषयी त्याची काहीही तक्रार नाही. तो गुन्हा त्याने केलेला आहे.

आपला नम्र आणि अद्याप हयात,
(सही)
अर्जदार
दि. ९ मार्च

सोबत : निकालपत्राची प्रत.