वर्षाराणीचा अर्धा कोयता

१२ ऑक्टोबर
आज ती पुन्हा गायली! दादांच्या कापसाच्या गोदामात. आवाज ढिगांत मुरतो, म्हणून वडवणीत कुणाला पत्ता नाही. शहादेवनं ड्रम हाणले की रुई उडते — तिच्या केसांत, पापण्यांवर. मी बास वाजवायचाच विसरलो. वर्षाराणी माईकमधूनच ओरडली, "अंगद, झोपला का बे?"
तिच्या तोंडचं 'बे'सुद्धा गोड लागतं.

१३ ऑक्टोबर
दादांनी पुन्हा कॉलेजवरून सुनावलं — बाप ना! मी ताट ढकलून उठलो.

२० ऑक्टोबर
पुण्याच्या मोठ्या कार्यक्रमाला आमचा बँड निवडला! सात डिसेंबर. ती म्हणाली, "मी तवा फडावर असंन."
तिच्या बापाची कंबर गेली. ऊसतोडीला जोडी लागते — दोघं मिळून एक कोयता. आईला एकटीला मुकादम नेत नाही. म्हणजे अर्धा कोयता वर्षाराणी!
जाऊन मुकादमाच्या जीपची काच फोडली. तिनंच झापलं — "काच फोडून ऊस तुटतो व्हय?"

२१ ऑक्टोबर
ऊस मी तोडीन!

२४ ऑक्टोबर
दादा — "ज्यांना आपण कामाला लावतो त्यांच्यात जातो? तोंड दाखवू नको." नाही दाखवणार! माझा बास शहादेवचा मावसभाऊ वाजवील. तिची आई, चंद्रभागाबाई, माझे तळवे उलटेसुलटे करून बघत होती. "चार दिसांत पळताल, मालक."
वर्षाराणीनं नुसतं बघितलं. त्या बघण्यावर अख्खा हंगाम निघेल!

१९ नोव्हेंबर
सांगलीकडं. पाचट अंगाला कापतं. गडी तोडतो, बाई मोळी बांधती — आमचं उलटं. सगळी टोळी हसती. हसू दे! सकाळी धुकं असतं. चंद्रभागाबाई दिसत नाही, नुसता कोयता ऐकू येतो. सप्, सप्. त्या तालावर मी मनात बास धरतो, अन् तिकडं वडवणीत असलेली वर्षाराणी धुक्यातून गायला लागते. मोळी तशीच सुटी राहते.

६ डिसेंबर
उद्या! हंगाम संपला की सांगूनच टाकीन तिला. सगळं.

७ डिसेंबर
सांजेला फोनवर कार्यक्रम लागला. चंद्रभागाबाई माझा दंड धरून. वर्षाराणीसमोर हजारो माणसं! पहिल्या गाण्याआधी तिनं माझं नाव घेतलं — माझं! म्हणाली, "माझ्या जागी आईसंगं ऊस तोडायला गेलाय अंगद. माझा भाऊ."
लई टाळ्या पडल्या.